सॉफ्टवेअर मारून दिलंय

माझी बहीण शेहेचाळीस दिवस बोलली. २००९ सालच्या जूनच्या एकवीस तारखेपासून ऑगस्टच्या पाच तारखेपर्यंत. त्याआधी एकोणीस वर्षं तिच्या तोंडातनं जे निघायचं त्याला लोक नुसता आवाज म्हणायचे. आमच्या कोल्हापुरातल्या सिद्धार्थनगरातली काही माणसं त्याहून वाईट म्हणायची. ते मी इथं लिहीत नाही, आईनं त्यांना तिथल्या तिथं जे ऐकवलंय ते पुरेसं आहे.

बहिणीचं नाव संघप्रिया. घरात संघी. जन्मल्यावर रडायला उशीर लागला, मेंदूला हवा पोचली नाही, हात, पाय आणि जीभ तिच्या ताब्यात राहिली नाही. डोकं मात्र जागेवर. जागेवर म्हणजे माझ्यापेक्षा बरं. आईनं, म्हणजे तानूबाईनं, स्वतः सातवी शिकून पुठ्ठ्यावर अक्षरं काढून हिला वाचायला शिकवलं. संघी उजव्या मुठीतनं एक बोट कसंबसं बाहेर काढायची, ते अक्षरावर आपटायची आणि आई वाचायची. असं करत माझ्या जुन्या पुस्तकांवर ती नववीपर्यंत सगळं शिकली. बीजगणितातल्या माझ्या चुका काढायची आणि काढून हसायची.

तिला दहावीला बसायचं होतं. एवढीच गोष्ट आहे ही. दुसरं काही मोठं नाही.

सतरा नंबरचा फॉर्म भरला की शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसता येतं. ज्याचा हात चालत नाही त्याला लिहायला लेखनिक मिळतो. पण ज्याचं डोकं चालत नाही असं कागदावर आहे त्याला कसला लेखनिक? आणि संघीच्या कागदावर तेच होतं. ती चार वर्षांची असताना कुण्या एका डॉक्टरनं पाच मिनिटं बघून लिहून टाकलं: मतिमंद, नव्वद टक्के. त्या एका शब्दाखाली ती पंधरा वर्षं पडून होती.

तो अपंगत्वाचा दाखला बदलायचा तर वर्षातनं एकदा भरणाऱ्या तपासणी शिबिरात जायचं. आदल्या वर्षी पुठ्ठा घेऊन गेलतो. डॉक्टर म्हणाला, "बोट हिचं, पण वाचतंय कोण? आई. आई तिच्या मनातलं सांगते का स्वतःच्या मनातलं, हे मी कसं ओळखू? तिला स्वतःला बोलू द्या."

आई रस्त्यात म्हणाली, "बोलता येत असतं तर ह्याच्याकडं कशाला आलो असतो रं?"

 डॉक्टरचं ते 'तिला बोलू द्या' डोक्यात घेऊन मी वर्षभर फिरलो.

मी प्रसेनजीत. गारगोटीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि उद्यमनगरात इन्व्हर्टर जोडायच्या कामाला लागलो. डिप्लोमाला पृथ्वीराज नावाचा दोस्त बरोबर होता, घरचं मोटारींचं शोरूम. त्याच्या चुलतभावानं अमेरिकेतनं त्याच्यासाठी हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र आणलं. पावडरच्या डबीसारखं उघडायचं, वर एक पडदा, खाली एक. खालच्या पडद्याला बोट लावलं की कळायचं. पृथ्वीराज महिन्याभरात कंटाळला आणि ते मी घेतलं. माझ्या डोळ्यांपुढं गेम नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं संघीचं ते एक बोट होतं.

आता कार्डाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. त्या यंत्रात कंपनीचे गेम टपालाच्या तिकिटाएवढ्या कार्डातनं चालायचे. चिन्यांनी तसलंच एक मोकळं कार्ड काढलं. इंटरनेटवरनं काहीही उतरवा, त्यात भरा, चालतंय. सगळ्या जगानं त्यात चोरीचे गेम भरले. खोटं कशाला बोलू, माझ्याही कार्डात अकरा होते. पण त्या कार्डाची दुसरी एक करामत होती. आपण स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्यात चालायचा. कंपनी तसली परवानगी मोठमोठ्या कंपन्यांना देते. सिद्धार्थनगरातल्या, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला देत नाही. त्यानं मागायची कुणाकडं हेसुद्धा कुठं लिहिलेलं नाही.

सायबर कॅफेत बसून मी ते लिहायला शिकलो. अडीच महिने गेले. पडद्यावर चौकोनी खाने, प्रत्येकात एक शब्द. खान्यावर बोट आपटलं की शब्द मोठ्यानं बोलायचा. हात थरथरून खान्याला दोनदा बोट लागलं तरी धरायचं नाही, तिसऱ्यांदा लागलं तरच धरायचं, हे सगळं तिच्या हातावर मोजून बसवलं. आवाज आमच्या गल्लीतल्या शिवानीचा. बी.ए. करत होती. बाहेरचा गोंगाट नको म्हणून मे महिन्यात गोधडीखाली बसून तिनं सहाशे चाळीस शब्द म्हटले. बाहेर आली ती घामानं थबथबलेली.

"संघे, आणि काय राहिलं काय गं?" तिनं विचारलं.

संघीनं पुठ्ठ्यावर बोट आपटलं. आईनं वाचलं आणि तोंडाला पदर लावला.

"काय म्हणत्या?"

"शिव्या पायजेत म्हणं तिला."

"मी न्हाई म्हणणार बाई! माझ्या आवाजात?" शिवानी म्हणाली. मग परत गोधडीखाली गेली आणि चार म्हणून आली.

एकवीस जूनला यंत्र चालू झालं. आप्पांनी सगळ्यांना चहा केला होता. आप्पा म्हणजे आमचे वडील, बाळासो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. संघीला सकाळचा चहा चमच्यानं तेच पाजतात, पहिल्यापासून. तिनं दोन घोट घेतले, यंत्राकडं बघितलं आणि तीन खाने दाबले.

"चहा. नको. गोड."

आप्पांच्या हातातला चमचा तसाच राहिला. "गोड नको? एकोणीस वर्षं दोन चमचे साखर घालतोय की गं मी! आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

तिनं शोधून शोधून दाबलं. "सांगत. होते."

त्या दिवसापासनं घर बदललं. ती मला "गप बस" म्हणायची. टीव्हीचा चॅनल बदलायला लावायची. शिवानीच्या आवाजात आप्पांना "दाढी करा" म्हणायची आणि आप्पा करायचे. जुलैत मी शिबिराचा अर्ज भरला. त्यात लिहिलं: उमेदवार बोलणाऱ्या मशिनद्वारे स्वतः उत्तरे देईल. तारीख आली आठ ऑगस्ट, शनिवार. फॉर्मची मुदत ऑगस्टअखेर. मध्ये तीन आठवडे. सगळं बसत होतं.

संघी बोट लावत नाही, आपटते. त्यानं यंत्राची बिजागरी ढिली झाली होती, वरचा पडदा मागं पडायचा. मी म्हणालो, शिबिर झाल्यावर बघू, आत्ता हात नको लावायला. आप्पांनी ऐकलं आणि पडदा एकदा मागंपुढं हलवून बघितला.

आप्पांनी चौतीस वर्षं एसटी दुरुस्त केली. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली. गाडी पासिंगला न्यायची तर सर्व्हिसिंग करून न्यायची. ब्रेक बघायचा, बोल्ट आवळायचे, पुसून चकचकीत करायची. साहेबासमोर खुळखुळणारी गाडी उभी केली तर साहेब आतलं इंजिन बघतच नाही, बाहेरूनच नापास करतो. संघीचं शिबिर म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पासिंगच. बुधवारी मी कामावर गेल्यावर त्यांनी यंत्र रुमालात गुंडाळलं आणि राजारामपुरीत सयाजीच्या दुकानात नेलं.

सयाजी मोबाईल दुरुस्त करतो. वाईट माणूस नाही. हात चांगला. पण तेव्हा मोबाईलच्या सगळ्या दुकानांत एक औषध असायचं, आतला प्रोग्रॅम काढून नवा घालायचं. मोबाईल अडकतो? सॉफ्टवेअर मारा. आवाज येत नाही? सॉफ्टवेअर मारा. काहीच झालं नसलं तरी गिऱ्हाईक ओळखीचं म्हणून जाताजाता मारून द्यायचं, जसं गाडी धुताना काचेवर फडकं फिरवतात. सयाजीनं बिजागरी बदलली, दोन बटणं साफ केली, बॅटरी पुसली. चालू करून बघितलं तर पडद्यावर इंग्रजीत आलं की नवं अपडेट आहे, घेणार का. दुकानात इंटरनेट होतंच. त्यानं घेतलं.

संध्याकाळी मी आलो तर आप्पा दारातच उभे. लग्नातला मोठेपणा मिळाल्यागत.

"बघ हात लावून. जरा बी हलत न्हाय. आतनं साफ केलंय. आणि सॉफ्टवेअर बी मारून दिलंय, त्याचं त्यानं काय घेतलं न्हाय."

"काय मारून दिलंय?"

"सॉफ्टवेअर. नवीन आलंय म्हणं. आपलं जुनं हुतं."

मी यंत्र उघडलं. बिजागरी खरंच छान बसवली होती. यंत्र चालू झालं. कंपनीचं चित्र आलं, पूर्वीपेक्षा जास्त झगझगीत. पडद्यावरच्या कार्डाच्या चित्रावर बोट ठेवलं. पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या: गडबड झाली आहे, बटण दाबून धरा आणि बंद करा.

बंद केलं. चालू केलं. तेच. कार्ड काढलं, पुसलं, फुंकर मारली, परत घातलं. तेच. आत संघी भिंतीला टेकून बसली होती. ती बघत होती. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं, पडदा बघायची गरजच पडली नाही.

मी तसाच यंत्र घेऊन निघालो. दारात आप्पांना काहीतरी बोलणार होतो. बोललो असतो तर ते आयुष्यभर राहिलं असतं. संघीनं तिचा तो मोठा आवाज काढला. मी वळलो. तिनं पुठ्ठ्यावर आपटलं: आप्पाला बोलू नको.

सयाजी दुकान आवरत होता.

"सयाजी, मागं घे."

"काय मागं घे?"

"सॉफ्टवेअर. जुनं घाल परत."

"हे मागं जात न्हाय लगा. मोबाईल न्हवं हे. कंपनीनं वाटच ठेवल्याली न्हाय." त्यानं यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "का? काय झालं? मस्त चालतंय की. बघ, गेम लाव कुठला बी."

"कार्ड चालत न्हाय."

"मग ते कार्ड डुप्लिकेट असंल. डुप्लिकेट बंद करायलाच असतंय की अपडेट."

"माहीत हुतं तर मारलंस कशाला?"

"मला काय माहीत तुझं डुप्लिकेट हाय? काकांनी सांगितलं, पोरीचं बोलायचं मशिन हाय, शनिवारी साहेबापुढं न्यायचंय, एकदम फस्क्लास करून दे. मी केलं." त्याचा आवाज खाली आला. "म्हणजे आता बोलत न्हाय व्हय ते?"

"न्हाय."

तो खुर्चीत बसला. "आयला," एवढंच म्हणाला.

त्या रात्री कॅफेत बसून सगळं वाचलं. कंपनीनं मुद्दाम केलं होतं. जगभरातली मोकळी कार्डं ओळखायची आणि बंद पाडायची, यासाठीच ते अपडेट काढलेलं. जगभरातली पोरं इंग्रजीत कंपनीच्या नावानं बोंबलत होती, कारण त्यांचे फुकटचे गेम गेले. काही शहाणी म्हणत होती की चांगलं झालं, चोरांना धडा मिळाला. मी दोन्ही वाचत बसलो. चोर म्हणत असतील तर म्हणू देत. माझे अकरा गेम घ्या, पाहिजे तर दंड करा, मी भरतो. पण ते सहाशे चाळीस शब्द कुणाचे चोरले होते मी? गोधडीत बसून घाम गाळला तो शिवानीनं. मोजमाप तिच्या थरथरत्या हाताचं. कंपनीच्या जपानातल्या इमारतीत बसून कुणीतरी एक कुलूप बनवलं. ते कुलूप बनवताना त्याच्या डोळ्यांपुढं चोर होता. कुलपाला डोळे नसतात, ते ठीक. पण बनवणाऱ्यालाही नव्हते.

कंपनीला ईमेल केला. मोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं, संघीचं वय, शनिवारची तारीख. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आभार मानले होते. अनधिकृत वस्तूंना आम्ही आधार देत नाही, असं होतं. खाली, तुमचा दिवस आनंदात जावो.

चिन्यांचं नवं कार्ड येणार होतं, ह्या अपडेटनंतरही चालणारं. टपालानं यायला तीन-चार आठवडे. मागवलं. पण शनिवार दोन दिवसांवर होता.

एक वाट राहिली होती. त्याच यंत्राचं आधीचं, जुनं मॉडेल असलं तर त्यात हे कार्ड जसंच्या तसं चालत होतं. जुन्याला अपडेट नव्हतंच. कोल्हापुरात ते कुणाकडं असणार? पृथ्वीराजकडं. मी त्याच्या शोरूमवर गेलो. नव्या गाड्यांच्या वासात तो एका गिऱ्हाईकाला रंग दाखवत होता.

"अरे जुनं आहे की माझ्याकडं," तो म्हणाला. "फार्महाऊसवर पडलंय. गारगोटी रोडला. घेऊन टाक, मला काय करायचंय?"

"आज जाऊन आणू? मी येतो गाडीवर. किल्ली दे."

"किल्ली कशाला? कुत्री आहेत तिथं. उद्या सकाळी ड्रायव्हर जाणारच आहे, घरी पोचवायला लावतो."

"पृथ्वी, शनिवारी सकाळी पायजे. संघीचं—"

"अरे झालं म्हण. एवढ्याशा गोष्टीला काय रे!" त्यानं पाठीवर थाप मारली.

शुक्रवारी ड्रायव्हर आला नाही. दुपारी फोन केला, वाजत राहिला. संध्याकाळी बंद लागला. रात्री शोरूमच्या वॉचमननं सांगितलं, साहेब मित्रांबरोबर गोव्याला गेल्यात. सोमवारी पृथ्वीराजचा फोन आला, "सॉरी यार, विसरलोच." तो खोटं बोलत नव्हता. विसरला होता. मला त्याचाच जास्त राग आहे. शत्रू निदान आठवण ठेवतो.

शनिवारी सकाळी पुठ्ठा, बंद यंत्र आणि संघीची चाकाची खुर्ची घेऊन आम्ही चौघं निघालो. शिबिर एका शाळेच्या हॉलात होतं. त्याच आठवड्यात पुण्यात स्वाईन फ्लूनं माणूस मेल्याची बातमी होती. हॉलात ज्याच्यात्याच्या तोंडाला रुमाल. काठ्या, कुबड्या, पाठीवर घेतलेली पोरं. गुंडू नावाचा एक पन्नाशीचा शिपाई दारात उभा राहून नंबर पुकारत होता. त्याचं नाव सगळे पुकारत होते म्हणून कळलं. आमचा नंबर शहाण्णव.

आत डॉक्टर मास्क लावून बसलेला. गेल्या वर्षीचाच. टेबल भिंतीपर्यंत मागं ओढून घेतलं होतं.

"नाव काय हिचं?" त्यानं आईला विचारलं.

"तिलाच विचारा, सर," मी म्हणालो.

त्यानं कागद चाळले. "बोलणाऱ्या मशिनद्वारे उत्तरे देईल. कुठंय मशिन?"

मी यंत्र टेबलावर ठेवलं. "बुधवारपासून बंद आहे, सर. कंपनीनं अपडेट काढलं, त्यात हे कार्ड बंद पाडलं. तीन आठवड्यांत दुसरं येतंय. फक्त तीन आठवडे द्या, सर."

"कंपनीनं बंद पाडलं म्हणजे? कार्ड चोरीचं आहे का?"

"चोरीचं नाही. कंपनीला मान्य नाही."

"एकूण तेच." त्यानं यंत्र पेनानं माझ्याकडं सरकवलं. "गेम आहे हा. शिकलेले दिसता तुम्ही. सरकारी कामात असल्या भानगडी कशाला आणता?"

"मग पुठ्ठा बघा. तुम्ही स्वतः वाचा. पुठ्ठा तुमच्या हातात धरा, आई आणि मी बाहेर जातो. तुम्हाला पाहिजे तो प्रश्न विचारा. गणित घाला."

हे त्याला नाकारता येण्यासारखं नव्हतं. मी तीन रात्री तेच बसवलं होतं. त्यानं पुठ्ठ्याकडं बघितलं, मग संघीकडं. बोट उचलायला जोर लावला की तिच्या तोंडातनं लाळ गळते. आत्ताही गळत होती. आईनं पुढं होऊन पुसली. डॉक्टरची खुर्ची आणखी बोटभर मागं सरकली.

"बाहेर अजून चाळीस माणसं आहेत," तो म्हणाला. "एकाला चार मिनिटं."

संघीनं तोवर सुरुवात केली होती. स, त्यावर अनुस्वार, घ. नाव सांगत होती. चार मिनिटांत ती एक वाक्य बोलते. डॉक्टरनं पुठ्ठ्याकडं न बघता लिहिलं, शिक्का मारला, कागद पुढं केला. स्थिती पूर्ववत.

तेव्हा आप्पा पुढं झाले. इतका वेळ दाराशी उभे होते. हात जोडलेले.

"साहेब, चूक माझी हाय. मी दुकानात दिलं मशिन. सर्व्हिसिंगला. हिनं न्हाई सांगितलं हुतं तसं कराय. मशिन कशानं बंद पडलं ते मला घरात कुणी सांगितलं न्हाई, पर सयाजीनं सांगितलं. पोरीची चूक न्हाई ह्यात, माझी हाय. माझ्यापायी तिला नापास करू नका."

"कसलं दुकान? कोण सयाजी?" डॉक्टर म्हणाला. "पुढचा."

बाहेर आलो. व्हरांड्यात आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी खुर्ची फाटकाकडं वळवली तशी संघीनं चाकात पाय घातला. तिचा पाय तिच्या ताब्यात नाही असं म्हणतात. तो बरोबर चाकातच गेला. मग पुठ्ठ्यावर: परत लाईन.

"संघे, काय उपयोग न्हाय गं."

परत लाईन.

आम्ही लाईनीत शेवटी उभे राहिलो. दोन तासांनी दाराशी पोचलो तर गुंडू शिपाई म्हणाला, "पावणं, तुमचं झालं की मघाशी."

"झालं न्हाय," आई म्हणाली. "झालं असतं तर परत आलो असतो का आम्ही?"

गुंडूनं संघीकडं बघितलं आणि आत सोडलं. डॉक्टरनं मान वर केली, ओळखलं, आणि पुठ्ठा टेबलावर ठेवायच्या आत हातानं बाहेरची खूण केली.  तिसऱ्यांदा लाईनीत लागलो तेव्हा पुढं पाच-सहाच माणसं राहिली होती. ती आत जाऊन आली आणि आमच्यासमोर डॉक्टर मास्क काढत दुसऱ्या दारानं जीपकडं गेला. गुंडू खुर्च्या एकात एक घालायला लागला.

संघी त्याच्याकडं बघून ओरडली. तो थबकला. तिनं मान पुठ्ठ्याकडं केली. मी वाचायला पुढं झालो तर माझ्या हातावर बोट आपटलं. तू हो बाजूला, असं.

गुंडूनं हातातली खुर्ची खाली ठेवली, तिच्यावर बसला आणि पुठ्ठा मांडीवर घेतला. चष्मा लावला. त्याला घाई नव्हती. एकेक अक्षर त्यानं मोठ्यानं म्हटलं, चुकला तिथं तिनं परत आपटलं. दहा मिनिटं लागली असतील. आम्ही तिघं लांब उभे.

"एकशे... बारा... दोनदा... पुकारलं," गुंडूनं शेवटी जोडून वाचलं. "एकशे तेरा राहिलं."

तो उठला आणि टेबलावरची यादी घेऊन बोट फिरवलं. "आयला. व्हय की." त्यानं हॉलात नजर टाकली. कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता, बिद्रीकडचा, डोळ्यांनी अधू, हातात चिठ्ठी धरून. सकाळपासनं नंबर पुकारायची वाट बघत.

"दिवसभरात माझ्या ध्यानात आलं न्हाई आणि हिनं धरलं," गुंडू म्हणाला. "हिला कोण मतिमंद म्हणतंय?"

"तुमच्या डॉक्टरनं लिवलंय," आई म्हणाली. "तुम्ही वाचलं न्हवं आत्ता? आमी कुणी जवळ हुतो का? मग तेवढं लिहून द्या. मी स्वतः वाचलं म्हणून."

गुंडूनं संघीच्या मांडीवरचा दाखला घेतला, शिक्का बघितला, आणि जपून परत ठेवला.

"लिहून देतो की. शंभरदा लिहून देतो. पर शिपायाच्या सईवर कोण परीक्षेला बसवतंय ताई?"

मग तो कोपऱ्यात गेला. म्हाताऱ्यानं चिठ्ठी वर धरली.

"आलं का माझं नाव?"

"डॉक्टर गेलं, बाबा," गुंडू म्हणाला. "पुढच्या वर्षी."